स्लूस गेटचा खुलासा

आमच्या गावच्या बांधावर आता लोखंडी दार आहे. त्याला वर गोल चाक आहे, चाकाला साखळी, साखळीला कुलूप, आणि दारावर पिवळ्या रंगात लिहिलंय, 'स्लूस गेट क्र. ३'. क्रमांक एक आणि दोन कुठे आहेत असं मी रंगवणाऱ्यांना विचारलं होतं. त्यांनाही माहीत नव्हतं. मी रोज सकाळी बांधावरून फिरायला जातो आणि रोज त्या पिवळ्या अक्षरांपाशी माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, दुसऱ्या रस्त्याने जात जा. मी का जाऊ? दार त्यांनी बदललं आणि रस्ता मी बदलू?

नरपडच्या जरा पुढे आमचं गाव. एका अंगाला समुद्र आणि मच्छीमारांची घरं, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं आणि चिकूच्या वाड्या. मधोमध मातीचा लांब बांध, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला. या बांधाला एके ठिकाणी दगडी तोंड आहे. पावसाचं पाणी शेतांतून नाल्याने इथवर येतं आणि ओहोटीला समुद्रात जातं. भरती आली की तोंड बंद करायचं, एवढा साधा कारभार. दोन्ही बाजूंच्या दगडांत उभ्या खाचा आहेत. त्यांत पूर्वी एकावर एक पाच लाकडी फळ्या सोडायचे आणि फटींत चिखल-पेंढा कोंबायचे. ओहोटी लागली की फळ्या पुन्हा वर. या सगळ्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात.

उघाडी सांभाळायचं काम एका मच्छीमार घराकडे होतं. कुणी दिलं, कधी दिलं, कागद कुठे आहे असं विचारू नका. कागद नव्हता. सासूनंतर सून असं ते चालत आलं होतं, आणि मी सांगतोय त्या वेळी, म्हणजे २०१५ साली, ते साठीच्या घरातल्या एका बाईकडे होतं. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं, मीही म्हणायचो. सुकी मच्छी विकायची आणि तिथीवरून पाणी सांगायची. आज कोणती तिथी एवढं कळलं की भरती कधी येणार, किती चढणार, फळ्या केव्हा टाकायच्या, हे तिला चुलीपुढे बसल्या जागी ठाऊक असायचं. नोकरीच्या काळात मला माझ्या बसची वेळसुद्धा इतक्या छातीठोकपणे सांगता आली नाही.

तिच्या या कामात एक रीत होती, आणि पुढचं सगळं रामायण त्या रीतीवरून घडलं. भात कापून खाचरं रिकामी झाली की दर अष्टमीला मावशी आणि तिची जाऊ पहार घेऊन उघाडीवर जात. अष्टमीच्या सुमारास समुद्राला भांग असतो, भरती दुबळी असते, पाणी फारसं चढत नाही. तेव्हा फळ्यांचा सगळा थर पहारीने वीतभर उचलायचा, खालच्या फळीच्या दोन्ही टोकांखाली दगड सारायचे आणि दोन दिवस खालून पाणी आत-बाहेर होऊ द्यायचं. मावशी त्याला फळ्यांना पाणी पाजणं म्हणायची. लाकूड ओलं राहिलं नाही तर उन्हाने आकसतं, तडकतं आणि नेमकं पौर्णिमेच्या उधाणाला गळतं. शिवाय नाल्यातला गाळ धुऊन निघायचा, आणि पाण्याबरोबर कोळंबीची, जिताड्याची बारीक पिल्लं आत यायची ती वेगळीच. पाणी नाल्याबाहेर पाऊल टाकत नसे. दशमीला दगड काढले की फळ्या पुन्हा जागेवर.

मी कोण, तेही सांगतो, कारण या प्रकरणात माझा हात आहे. तलासरीच्या एका शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. घरी वेगळीच बोली बोलणारी पोरं, त्यांना पुस्तकातली मराठीच अर्धी परकी, त्यावर माझं इंग्रजी. मला एक खोड होती. शब्दाचं मूळ सांगितलं की पोरं तो शब्द विसरत नाहीत, अशी माझी ठाम समजूत. पोरं विसरायचीच, पण मला बरं वाटायचं. निवृत्त झालो तेव्हा शाळेने दोन खंडांचा जाडजूड शब्दकोश दिला, आणि गावाने मला न विचारता अर्ज लिहिण्याचं काम दिलं. रेशनकार्डापासून विजेच्या मीटरपर्यंत, कुणाला काही लिहायचं असलं की माझा वऱ्हांडा.

त्या एप्रिलमध्ये वाड्यांतल्या विहिरी खाऱ्या झाल्या. त्या का खाऱ्या झाल्या हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वाडीवाल्यांनी लागोपाठ खोल बोअर मारले होते आणि मोटारी दिवसभर चालत होत्या. गोडं पाणी उपसलं की त्या जागी खारं येणार, यात कसलं संशोधन? पण बोअर मारणारेच तक्रार करणारे. त्यांनी बांध सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे अर्ज केला, आणि तपासणीला एक साहेब आले. आले ते नेमके अष्टमीला. गाडी बांधावर लावली, उघाडीपाशी गेले, फळ्या वीतभर वर उचललेल्या पाहिल्या, मोबाइलवर फोटो काढला आणि गेले. बाजूलाच मावशीचं घर होतं. तिला हाक मारून, 'बाई, हे असं का?' इतकं विचारायला जीभ झिजली असती का?

आठवड्याने नोटीस आली. 'आपण स्लूस गेट अनधिकृतपणे उघडे ठेवून समुद्राचे पाणी आत घेतल्याने परिसरातील विहिरी खाऱ्या झाल्या आहेत. लेखी खुलासा करावा, अन्यथा आपणास कामावरून दूर करण्यात येईल.' सोबत तो फोटो. मावशी कागद पदराखाली धरून माझ्या वऱ्हांड्यात आली. मी वाचून दाखवलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं, फक्त विहिरींच्या वाक्याला तिचा चेहरा उतरला.

"काम गेलं तर जाव दे, सर," ती म्हणाली. "पण मी लोकांच्या विहिरी नासल्या? मी? ज्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन मी म्हातारी झाली?"

"तसं कोण म्हणतंय?"

"हा कागद म्हणतो ना. कालपासून बाजारात दोघी माझ्याशी बोलल्या नाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोटो डोळ्यांजवळ नेला. त्यात फेस समुद्राच्या बाजूला होता. म्हणजे साहेब आले तेव्हा ओहोटी होती आणि पाणी बाहेर चाललं होतं! जो फोटो पाणी आत घेतल्याचा पुरावा म्हणून लावला होता, त्यातच पाणी बाहेर जाताना दिसत होतं. मी म्हटलं, "मावशी, तू घरी जा. असा खुलासा लिहितो की साहेब जन्मात विसरणार नाही."

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. तो जागा झाला नसता तर बरं झालं असतं. फोटो, अष्टमी, फळ्या, बोअर, चार ओळींत सगळं सांगून झालं असतं. पण मला वाटलं, हे लोक आपल्याला अडाणी समजतात काय? 'स्लूस गेट' म्हणे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जिला उघाडी म्हणतो तिला हे परस्पर स्लूस गेट म्हणणार, आणि त्या शब्दाचा अर्थ तरी यांना ठाऊक आहे का? मी शब्दकोशाचा दुसरा खंड काढला.

स्लूस. मूळ लॅटिन. एक्स म्हणजे बाहेर, क्लाउदेरे म्हणजे बंद करणे. त्यावरून एक्सक्लूझा, बाहेर रोखून धरलेलं पाणी. जुन्या फ्रेंचांनी त्याचं एस्क्लूझ केलं, आणि इंग्रजांनी पुढचा भाग उडवून स्लूस करून टाकलं. क्लोज, एक्सक्लूड हे सगळे त्याच घराण्यातले. मी खूश झालो. काय खूश झालो! सबंध संध्याकाळ लिहीत बसलो. खुलाशाचं पहिलं वाक्यच असं, 'स्लूस या शब्दाचा व्युत्पत्तीनुसार अर्थ पाण्यास बाहेर रोखणे असा असून...' तिथून पुढे दीड पान लॅटिन आणि फ्रेंच. मग खारबांधांचा इतिहास. तिसऱ्या पानावर अष्टमी, फळ्या आणि फोटोतला फेस. गेट या शब्दाकडे मी पाहिलंसुद्धा नाही. गेट काय, बालवाडीतल्या पोराला कळतं.

दुसऱ्या दिवशी मावशीला ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. आवाज चढवून, थांबत थांबत, वर्गात वाचायचो तसं. ती मान हलवत होती.

"फळीचं लिवलंय ना, सर?"

"लिहिलंय. शेवटी आहे."

"शेवटी," ती म्हणाली. मग तिने अंगठा पुढे केला, मी शाई लावली आणि तिने तिसऱ्या पानाच्या तळाशी तो उमटवला.

सुनावणी डहाणूला होती. साहेब तरुण होते, वागायला गोड. मला खुर्ची दिली, मावशीला दिली नाही. मी उभा राहिलो, तेव्हा नाइलाजाने तिच्यासाठी एक स्टूल आलं. साहेबांनी खुलासा उघडला, पहिलं वाक्य वाचलं आणि हसले.

"सर, इंग्लिश एकदम फर्स्ट क्लास आहे तुमचं. तुम्हीच इथे लिहिलंय की स्लूस म्हणजे पाणी बाहेर रोखणे. बरोबर?"

"बरोबर, पण पुढे..."

"म्हणजे ही वस्तू बंद ठेवण्यासाठीच आहे. आणि फोटोत ती उघडी आहे. बाईंचा अंगठा आहे खाली. मग आणखी काय पाहिजे?"

"तिसरं पान वाचा! फोटोतला फेस बघा, पाणी कुठल्या बाजूला चाललंय ते बघा!" मी ओरडलोच. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली.

"फेस-बिस ठीक आहे, सर. तिथी वगैरे आम्हाला रेकॉर्डवर घेता येत नाही." त्यांनी तिसरं पान उलटलं, पण नजर घड्याळाकडे होती. मावशीने एकदाच तोंड उघडलं. "साहेब, फळ्या सुकल्या तर फुटतात," ती म्हणाली. साहेब म्हणाले, "म्हणूनच आता लोखंडी बसवतोय."

बास. संपली सुनावणी. दीड पान लॅटिन लिहून मी एका बाईला तिच्याच अंगठ्याखाली दोषी ठरवलं होतं. परतताना रिक्षात मी साहेबांना, खात्याला, वाडीवाल्यांना, त्या मोबाइलच्या कॅमेऱ्यालासुद्धा शिव्या घालत होतो. मावशी बाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "सर, पाणी प्या."

पावसाळ्याआधी लोखंडी दार बसलं. पाच फळ्या उपटून बांधावर टाकल्या, त्या कुणीतरी चुलीसाठी नेल्या. कुलपाची किल्ली डहाणूला. श्रावणात उधाण आणि पाऊस एकाच वेळी आला. ओहोटीला दार उघडायला हवं होतं, आणि किल्लीवाला माणूस रजेवर. लावलेलं भात चार दिवस पाण्याखाली कुजत होतं. गावकरी बांधावर उभे राहून त्या चाकाकडे बघत होते, आणि मावशी आपल्या दारात उभी होती. लोक तिच्याकडे बघायचं टाळत होते. ती मात्र मोठ्याने सांगत होती, "आता उघडा, आता! दीड तास हाय अजून!" साखळी कोण तोडणार? खुलासा मागवतील, या भीतीने सगळे गप्प. त्या चार दिवसांत मला आमच्या गावाची जितकी चीड आली तितकी साहेबांचीही आली नव्हती.

आणि पुढच्या एप्रिलमध्ये विहिरी पुन्हा खाऱ्या झाल्या. वर्षभर लोखंडी दार, अष्टमीला वीतभर तर सोडाच, बोटभरही उघडलेलं नाही, तरी खाऱ्या. उलट आदल्या वर्षापेक्षा जास्त. मला वाटलं, आता तरी कुणीतरी तोंड उघडेल. कुणी मावशीच्या दारात जाऊन म्हणेल की बाई, चुकलं आमचं. कुणी गेलं नाही. बाजारात त्या दोघी तिच्याशी पुन्हा बोलायला लागल्या खऱ्या, पण मध्ये वर्ष गेलंच नाही असं दाखवून.

त्याच सुमारास नातीला 'गॅस' शब्दाचं मूळ हवं होतं म्हणून मी शब्दकोशाचा पहिला खंड उघडला, आणि दोन पानं पुढे नजर गेली. गेट. जुन्या इंग्रजीतला शब्द. भिंतीतली, कुंपणातली मोकळी जागा, जिथून जाता येतं ती वाट. दाराचा अर्थ त्याच्याच जोडीला बसलेला. मी डोकं धरून बसलो. अर्धा शब्द रोखणारा आणि अर्धा वाट देणारा, आणि शहाण्या मास्तराने अर्ध्यावरच प्रबंध लिहून खाली एका बाईचा अंगठा घेतला! त्या लॅटिनवाल्यांनी आणि इंग्रजांनी मिळून जे दोन शब्द जोडून सांगितलं, ते आमच्या माणसांनी उघडण्यावरूनच नाव ठेवून एका उघाडीत सांगितलंय, कारण बंद करणं कुणालाही जमतं. कधी उघडायचं ते कळायला तिथी कळावी लागते.

मी तसाच खंड पिशवीत घालून डहाणूला गेलो. ते साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी मला चहा दिला, शब्दकोश कौतुकाने चाळला आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग आहे. पण सर, हे प्रकरण निकाली निघालंय." मी म्हटलं, "शब्द राहू द्या. विहिरी बघा. दार बंद असताना खाऱ्या झाल्यात. त्या बाईवरचा ठपका काढा, एवढंच मागतोय." ते म्हणाले, अर्ज करा. माझी लेखणी पुन्हा त्या कागदाला लावायची माझी हिंमत झाली नाही.

मग मी तक्रार करणाऱ्या वाडीवाल्या शेठकडे गेलो. माणूस वाईट नाही, पोरांच्या लग्नांत आम्ही एकमेकांकडे जेवलोय. त्याने चहा मागवला. पहिल्या घोटालाच मी कप खाली ठेवला.

"पाणी खारुं थई गयुं छे, सर," तो ओशाळून म्हणाला. "साखर जास्त टाकली तरी समजते."

"आता कुणामुळे झालं?"

तो बोअरच्या मोटारीकडे बघत राहिला. ती चालूच होती.

"मग एकदा तिच्या घरी जा आणि तिला सांग. दुसरं काही नको."

"जाईन, सर. एक दिवस नक्की जाईन."

ही गोष्ट २०१६ ची. हे लिहितोय तेव्हा २०१९ चालू आहे. तो एक दिवस शेठच्या कॅलेंडरात अजून आलेला नाही. मी मात्र तीन वर्षं दिसेल त्याला हे ऐकवत फिरलो. लग्नात, मयताला, ग्रामसभेत. लोक मला बघून वाट बदलायला लागले. सगळ्यांनी तिची माफी मागायला हवी, असं मी सगळ्यांना सांगितलं.

आणि गेल्या हिवाळ्यात एकदा मावशीच्या अंगणात बोंबील घ्यायला उभा असताना माझ्या लक्षात आलं की या सगळ्यांत मी स्वतःला धरलेलंच नाही. साहेब माफी मागेल, शेठ मागेल, गाव मागेल. मास्तर? मास्तर नुसता संतापणार. माझी मलाच इतकी लाज वाटली की मी तिच्यासमोर जमिनीवरच बसलो. ती बांबूच्या वलांडीवर बोंबील उलटे टांगत होती.

"मावशी, तो खुलासा मी चुकीचा लिहिला होता. माझ्यामुळे तुझी उघाडी गेली."

"ठाव हाय," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"कधी कळलं? साहेबाने वाचला तेव्हा?"

"नाय वो. तुमच्या वऱ्हांड्यातच. तुम्ही वाचत होता तवाच. फळ्या वीतभर उचलल्या, एवढंच तर सांगायचं होतं. त्याला तीन कागद कशाला लागतात?"

"मग अंगठा का दिलास?"

"किती खूश होता तुम्ही, सर. वाचताना लहान पोरासारखं तोंड झालं होतं. आणि माझ्यासाठी एवढं कोणी कधी लिवलं होतं? तुमचं मन कसं मोडायचं?" तिने पुढची जोडी टांगली. मग म्हणाली, "सरका जरा बाजूला. मच्छीवर सावली पडते तुमची."